बकुळाकाकीच्या उंबऱ्यावरच्या बिया

बकुळाकाकीचा आमच्या चाळीत कुणावरच विश्वास नव्हता, आणि यात तिने कधी आपपरभाव केला नाही. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे माझा आवाज चढला की लोक म्हणतील, दर्शनाबाईंचं डोकंच गरम, शाळेतली सवय.

दूधवाला पाणी घालतो हे कुणीही म्हणेल. दूध पिशवीतून यायला लागलं तेव्हा काकी म्हणाली, "आता कंपनीतच घालत असतील, नि वरून चिकटवत असतील." लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या कुटायला दिल्या की बाकीच्या बायका बाजारात एक फेरी मारून येतात. काकी डंकासमोर ठाण मांडून बसायची. नाकाला पदर, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण नजर हलायची नाही. आपल्या बेडगीत दुसऱ्या कुणाची मिरची मिसळली तर? पार्सल आणणाऱ्या मुलाने ओटीपी मागितला तेव्हा ती त्याला म्हणाली, "आधी तुझ्या आईचं नाव सांग." त्या बिचाऱ्याने सांगितलंही.

तर अशी काकी. मी तिच्या शेजारच्या खोलीत जन्मले आणि तिथेच पन्नाशीला आले. डिलाईल रोडवरची आमची चाळ तीन मजली, आम्ही सगळ्यात वर, कौलांखाली. पालिकेच्या शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, आई-वडील गेल्यावर एकटीच राहते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. काकीच्या भिंतीवर तिचं कणकवलीकडचं ग्रामदैवत, आणि त्याच्याशेजारी तिचे यजमान कुशाबाकाका, हार घातलेले.

या दोन भिंतींच्या मध्ये एक दार आहे. ही गोष्ट त्या दाराची आहे असं म्हटलं तरी चालेल.

फार पूर्वी दोन्ही खोल्या एकाच कुटुंबाच्या होत्या म्हणे, मग मालकाने तोडल्या आणि दारावर फळ्या ठोकल्या. माझे वडील कोंडीराम आणि कुशाबाकाका एकाच गिरणीत, एकाच खात्यात. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा दोन्ही घरांत मिळून एका स्टोव्हपुरतं रॉकेल उरलं. कुशाबाकाकांनी कुणाला न विचारता फळ्या काढल्या. तेव्हापासून माझी आई, रमाबाई, रांधायची आणि काकी नवी नवरी, ती आमच्यात जेवायची. मी तेव्हा दुसरीत होते. काकी माझ्या वेण्या घालायची, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या.

एक गोष्ट मात्र तेव्हाही माझ्या लक्षात आली होती. काकीच्या गावची माणसं मुंबईत आली की मधलं दार बंद व्हायचं. ती गेली की उघडायचं. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "वारा येतो गं." वारा फक्त कणकवलीहूनच यायचा.

दुसरी गोष्ट गाऱ्हाण्याची. कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे एकाने मोठ्याने देवाला सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. होकार देणारा नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. कुशाबाकाका घरी नसले की काकीला होकार कोण देणार? मग तिची हाक यायची, "दर्शने, व्हय म्हण गो!" आणि मी दारात उभी राहून, तोंडात घास असला तरी, "व्हय म्हाराजा!" आई रागवायची. आपल्यात म्हाराजा नसतो, म्हणायची. पण हसायचीही.

तर आता गेल्या वर्षीचं.

आमच्या मागे गिरणीचं पटांगण होतं. गिरणी बंद पडून जमाना झाला, अर्ध्या जागेवर टॉवर उभे राहिले, पण एक शेवटची शेड आणि भोवतीचं रान तसंच पडून होतं. दिवाळीनंतर ते सपाट केलं. वड, उंबर, बोरी, सगळं गेलं. धुळीने आम्ही महिनाभर खोकत होतो.

मग भाताचा वास सुरू झाला.

दिवेलागणीला यायचा. साधासुधा नाही, आंबेमोहोराचा, नुकतं झाकण काढल्यासारखा. आमच्या मजल्यावर कोलम खाणारी माणसं. आंबेमोहोर म्हणजे लग्नाकार्यालाच. मला वाटलं, काकीकडे शिजतोय. सून मनाली गरोदर होती, तिचे डोहाळे पुरवत असेल. पण मग मला वाटीभर का नाही? चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. सांगते ना, लागलं मला. जिवाला लागलं.

तिकडे काकीला वाटत होतं की मी शिजवतेय. हे मला नंतर कळलं. तिने कोपऱ्यातल्या खोलीतल्या नलूला विचारलं होतं, "एकटी बाई ही, रोज तिन्हीसांजेला आंबेमोहोर कोणासाठी शिजवते?"

आणि मग बिया आल्या. सकाळी काकीने दार उघडलं तर उंबऱ्याच्या कोपऱ्यात मूठभर बियांचा लाडू. काळपट, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच जागी. काकीने त्या कागदात घेऊन लालबागच्या एकूण एक काष्ठौषधीवाल्यांना दाखवल्या. कुणालाच ओळखू येईनात. जी बी बाजारात मिळत नाही ती आली कुठून? रानातून. आणि मुंबईत रानातली बी कोण आणतं? नलूने तो शब्द काढला. "करणी आहे काकी. पोटुशी बाई घरात आहे ना तुमच्या."

मनालीला आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोनदा पडलं होतं. आता पाचवा महिना. काकी जिन्यावर तिच्या पुढे चालायची, पायरी पायरी चप्पल घासून बघायची, कुणी तेल ओतलंय का. घाबरलेल्या माणसाला काय म्हणायचं? मी म्हटलं, "काकी, उंदीर असतील. करणीबिरणी काही नसतं." तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती डंकावाल्याकडे बघायची. माझ्याकडे तिने तसं कधीच बघितलं नव्हतं.

मलाही चैन पडेना. उंदीर बियांचे लाडू वळत नाहीत, हे मला काय कळत नव्हतं? कुणीतरी मुद्दाम करतंय, असं माझ्याही डोक्यात बसलं. नलू सकाळी सगळ्यांच्या आधी उठते, तिने कशावरून ठेवल्या नसतील? की धोंडूभाऊ? ते चाळ कमिटीचे सेक्रेटरी. चाळ पाडून नवी बांधायच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त काकीची नव्हती. तिचा बिल्डरवर, बिल्डरच्या पेनावर, कशावरच भरवसा नव्हता. मी धोंडूभाऊंना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "बाई, शाळेत पोरांना धरता तसं मला धरू नका." आणि जाता जाता पुटपुटले, "आपल्या घरात काय शिजतंय ते बघा आधी." म्हणजे वासाची बातमी खालपर्यंत पोचली होती. गॅलरीत मी आले की बोलणी थांबायला लागली. नळावर माझी बादली कुणी सरकवेना, आपली तेवढी उचलून घ्यायचे. भल्या माणसांचा मजला, पण सगळे एकमेकांकडे दाराच्या फटीतून बघत होते.

काकीच्या गावी एक देवरुषी आहे. त्याला व्हिडिओ कॉल लावला. हो, व्हिडिओ कॉल! काकीने फोन हातात धरून उंबरा दाखवला, बिया दाखवल्या, गॅलरी दाखवली. बुवा तिकडून म्हणाला, "डाव्या अंगाचं दार. बिनपोराची बाई." काकी खोलीकडे तोंड करून उभी होती, डावीकडे मी. गॅलरीकडे तोंड केलं असतं तर डावीकडे नलू आली असती. पण नलूला तीन पोरं. आणि बिनपोराच्या बाईबद्दल बुवाला कुणी आधी सांगितलं, हेही कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी वह्या तपासत होते. मधल्या दारावर हातोडा पडला. पलीकडून खिळे ठोकत होते. ठोकणारा अमित, काकीचा मुलगा. त्याला पाढे मी शिकवले, याच दारात बसून. एकेक खिळा माझ्या बाजूला टोक काढत होता आणि पलीकडून त्याचा आवाज येत होता, "आई, पुरे ना आता. आई, दर्शूताई आहे ती." आणि काकीचा, "मार. माका शिकव नको."

मनालीने फोनवर गुपचूप ‘सॉरी ताई’ लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिला माहेरी, गिरगावात, खोताच्या वाडीजवळ पाठवून दिलं. तिची ओटी तिकडेच भरली. मला बोलावणं नव्हतं.

मी काय केलं? शाळेतली मैत्रीण म्हणाली, पोलिसांत जा, कायदा आहे, असा आळ घेणं गुन्हा आहे. खरंच होतं ते. मी ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलेही. पण तक्रारीत नाव कुणाचं लिहिणार? जिने माझ्या वेण्या घातल्या तिचं? परत आले. मात्र हार्डवेअरच्या दुकानातून एक जाडजूड कडी आणली आणि मधल्या दाराला माझ्या बाजूने लावली. तुझे खिळे तर माझी कडी. आणि मग पलंगावर बसून हमसाहमशी रडले. आई असती तर काय म्हणाली असती? वारा येतो गं.

वास येतच राहिला. बिया येतच राहिल्या. काकी दिवसेंदिवस वाळत चालली. दार उघडायच्या आधी उंबऱ्यावर गोमूत्र, मिरच्या ओवाळणं, काय काय. मला कोरडं समाधान एवढंच, की दाराला खिळे ठोकूनही करणी थांबली नव्हती.

मग तो रविवार. भर दुपार, जेवणं झालेली, कौलं तापलेली. अमित मनालीला भेटायला गेला होता. काकी घरात एकटी, आणि तिच्या डोक्यात नवीन आलं: दार बंद आहे, मग ही करणी करते कुठून? पोटमाळ्यावरून! आमच्या दोन्ही खोल्यांची मधली भिंत कौलांपर्यंत जात नाही, वर हातभर मोकळी जागा आहे. सत्तरीला टेकलेली ही बाई शिडी लावून, एका हातात टॉर्च, एका हातात केरसुणी घेऊन वर चढली. मला रंगेहाथ पकडायला.

मी आडवी झाले होते. एकदम वरून काहीतरी फिसकारलं, काहीतरी धाडकन पडलं, आणि काकी ओरडली.

"दर्शनेऽऽऽ!"

सगळा मजला बाहेर आला. नलू म्हणाली, "बघा, नाव घेतलं! सापडली!" त्यांना वाटलं, काकीने चोर धरला. पण मी ती हाक ओळखली. कुशाबाकाका पहाटे अंथरुणातच गेलेले दिसले तेव्हाही ती अशीच ओरडली होती, आणि तेव्हा मधलं दार उघडं होतं. या वेळी मी सवयीने दाराकडेच धावले, कडीला हात घातला, मग खिळे आठवले. गॅलरीतून वळसा घालून धावले. काकीच्या दाराला आतून बोल्ट. धोंडूभाऊ खालून धावत आले होते, त्यांनी खांदा लावला, मी लाथ घातली.

शिडी आडवी पडलेली. काकी पोटमाळ्याच्या कडेला लोंबकळत, पाय हवेत, डोळे मिटलेले. मी खालून तिचे पाय खांद्यावर घेतले. काय वजन असणार तिचं, चिमणीएवढी राहिली होती. खाली उतरवली तर तिने माझा हात सोडला नाही. बोट वर करून फक्त म्हणाली, "थंय."

धोंडूभाऊंनी चढून पाहिलं. बाळासाठी शिवून ठेवलेली गोधडी ट्रंकेवरून ओढलेली, आणि तिच्यात मांजराएवढं एक जनावर, करडं, लांब शेपटी, काळं तोंड, दात विचकून. पोटाशी तीन पिल्लं. आणि वास? सगळा पोटमाळा आंबेमोहोराने घमघमत होता.

लगेच काठ्या आल्या. कुणी म्हणालं धूर करा, कुणी म्हणालं उकळतं पाणी ओता. वनखात्याला फोन केला तो मी. त्यांची एक मुलगी आणि दोन माणसं आली. उदमांजर आहे म्हणाली. त्याच्या अंगालाच असा वास येतो. पडक्या शेडमध्ये राहत असणार, ती पाडल्यावर इथे आलं. टॉवरच्या बागेत शोभेचे पाम लावलेत, त्यांची फळं खातं, बिया पचत नाहीत, आणि शी करायची जागा ठरलेली असते. इथल्या खांबावरून उतरतं, म्हणून या उंबऱ्याचा कोपरा. टॉवरच्या बागेत आमच्यापैकी कुणाला पाऊल ठेवू देत नाहीत, मग ते पाम आम्ही बघणार कधी?

काकी भिंतीला टेकून ऐकत होती. "कांडेचोर," ती हळूच म्हणाली. तिच्या माहेरच्या माडाबागेत ढिगाने. लहानपणी तिने कांडेचोराची पिल्लं हाताळली होती. गावी असती तर वास आल्या आल्या ओळखलं असतं तिने. मुंबईत तिला फक्त माणसं सुचली.

वनखात्याची मुलगी म्हणाली, पिंजरा लावू शकतो, पण पिल्लं लहान आहेत, आईपासून तुटली तर जगायची नाहीत. काही आठवडे सांभाळून घेतलंत तर आपणहून जातील. मजल्यावर कालवा झाला. तेव्हा काकी उठून शिडीखाली उभी राहिली. "बाळंतीण आसा ती. हात लावशात तर बघा." तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

मग सगळे हसले. उदमांजर! इतके दिवस मांजराच्या शीला ओवाळत होतो! नलू तर पोट धरून हसत होती. "उगाच घाबरलो गं आपण," असं मला म्हणाली, माझ्या खांद्यावर हात ठेवून. नळावर माझी बादली परत सरकायला लागली. धोंडूभाऊंनी वर्गणीचं विचारलं. झालं गेलं विसरले सगळे, दोन दिवसांत. माझ्या तोंडावर एकानेही म्हटलं नाही, की बाई, चुकलं आमचं. मजल्यावर अकरा दारं आहेत. बोट माझ्याच दाराकडे का गेलं, हे कुणी विचारलं नाही. मला उदमांजराचा राग नव्हता. या हसण्याचा होता, अजून आहे.

काकी मात्र हसली नव्हती. पण आलीही नाही. समोर आली की मान खाली. तिच्या घरात वर पिल्लं खुडबुडायची, आणि ती त्यांना केळं ठेवायची, हे मला भिंतीतून ऐकू यायचं. केळ्याची साल काढतानाही ती बडबडते. मी कडी काढली नाही. का काढू? खिळे तिने मारले होते.

जांभळं संपायच्या सुमाराला उदमांजर पिल्लांना घेऊन गेलं. कुठे गेलं कोण जाणे. वास थांबला, तेव्हा कळलं. मनाली परत आली, नववा लागला होता.

एका संध्याकाळी मधल्या दारापलीकडे पक्कड वाजली. एकेक खिळा कुरकुरत माझ्या बाजूचं टोक आत ओढून घेत होता. अमित घरात नव्हता. ती स्वतःच काढत होती, धापा टाकत. मी भाजी निवडत होते, तशीच बसून राहिले. शेवटचा खिळा निघाला. तिने दार ढकललं. कडी खडखडली. तिला कळलं की या बाजूनेही बंद आहे.

 मग ती घसा खाकरून बोलायला लागली, दाराशीच, मोठ्याने. गाऱ्हाणं घालत होती.

"बा देवा म्हाराजा! संपाच्या वर्साक जिच्या आवशीन माका रांधून घातला, तिच्या चेडवावर मी आळ घेतलंय. अकरा दारां होती. मी ह्याच दाराकडे बोट दाखवलंय. कशाक दाखवलंय ता माका ठाव आसा, म्हाराजा, आणि तिकाय ठाव आसा. गावची माणसा इली काय मी ह्या दार लावी, ताच माझ्या मनात होता. कांडेचोराची चूक नाय, बुवाची नाय. माझी."

थांबली. होकारासाठी थांबली. मनाली घरात होती, पण ती गिरगावात वाढलेली मुलगी, तिला काय माहीत कुठे काय म्हणायचं ते. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता काकीचा. होकार आला नाही तर गाऱ्हाणं पुरं होत नाही, हे मला दुसरीत असल्यापासून ठाऊक आहे.

मी भाजी बाजूला ठेवली. उठले. दाराशी गेले.

"व्हय," मी म्हटलं.

म्हाराजा म्हटलं नाही. आणि कडी काढली.